निविदेत एक रकाना कर्नलसाठी

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील शासकीय, निमशासकीय आणि शैक्षणिक संस्थांच्या संगणक-खरेदी समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

विषय: वायफाय उपकरणांच्या निविदेत सुरक्षा-दुरुस्त्यांच्या मुदतीची अट घालण्याबाबत.

सन्माननीय महोदय व महोदया,

सविनय नमस्कार.

गेली कित्येक वर्षे मी नागपुरातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमधले आणि काही लहान कार्यालयांमधले संगणक व बिनतारी जाळी सांभाळतो. आपल्या समितीची बैठक दोन तासांत संपते, तिने मंजूर केलेली उपकरणे मात्र पुढची सात-आठ वर्षे आमच्या हाताखाली असतात, आणि निविदेत जी ओळ लिहायची राहिली ती नंतर कितीही पत्रव्यवहार केला तरी भरून निघत नाही, असा माझा अनुभव आहे. हे पत्र अशाच एका राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे. ती ओळ कोणती, हे सांगण्याआधी एका चुकीची हकिकत जरा सविस्तर सांगणे मला भाग आहे, कारण ती चूक नेमकी कुठे होती हे कळल्याशिवाय माझी मागणी हा तंत्रज्ञाचा नेहमीचा हट्ट वाटण्याची शक्यता आहे.

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधले, त्यातल्या वायफाय सांभाळणाऱ्या भागातले पाच दोष एकाच दिवशी जाहीर झाले. कर्नल हा शब्द मी एका बैठकीत खुलासा न करता वापरला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी अत्यंत गंभीरपणे ‘कामठीच्या लष्करी छावणीतले का?’ असे विचारले होते, म्हणून आधीच सांगतो, की कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा: मेमरीची कोणती जागा कोणत्या प्रोग्रामला द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, जाळ्यातून आलेला संदेश कोणाच्या हवाली करायचा हे ठरवणारा, आणि संगणकात ज्याला कोणाचीही परवानगी लागत नाही असा भाग. तिथे चूक झाली तर वर दाद मागायला कोणी उरत नाही. या पाचांपैकी पहिला दोष जर्मनीतल्या डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठातले संशोधक स्योन्के हुस्टर यांना सापडला. त्यांनी तो सुझे या लिनक्स कंपनीला कळवला, आणि लिनक्समधल्या वायफायचा कारभार पाहणारे इंटेलचे योहानेस बेर्ग यांच्यासह शोध पुढे नेला तेव्हा त्याची भावंडेही बाहेर आली. हुस्टर यांच्या कामाची पद्धत ‘फझिंग’ या नावाने ओळखली जाते. यंत्राला मुद्दाम वेडेवाकडे केलेले संदेश अखंड पाजत राहायचे आणि ते कुठे ठेचकाळते यावर नजर ठेवायची, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे.

वायफायचे प्रत्येक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे आपल्या कार्यालयांच्या छताला चिकटवलेली ती पांढरी तबकडी, सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटी दवंडी पिटत असते: माझे नाव अमुक, मी अमुक चॅनलवर आहे, माझा वेग इतका. या दवंडीला बीकन म्हणतात. ती कोणा एकाला उद्देशून नसते आणि ती ऐकण्यासाठी पासवर्ड लागत नाही, कारण जाळे आहे हे आधी कळल्याशिवाय पासवर्ड विचारायचा तरी कोणाला? बीकनमधली माहिती छोट्या छोट्या पुड्यांत बांधलेली असते. प्रत्येक पुडीच्या तोंडाशी दोन बाइट असतात, पहिल्यात पुडी कशाची आहे ते आणि दुसऱ्यात आत किती बाइट माल आहे ते, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावत असल्यामुळे पुडीतला माल २५५ बाइटांहून जास्त असूच शकत नाही. आता एकाच तबकडीवरून कर्मचारी, विद्यार्थी आणि पाहुणे अशी तीन-चार नावांची जाळी चालवायची असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी दवंडी पिटण्याऐवजी एकाच दवंडीत सगळ्यांची नावे गुंफण्याची सोय वायफायच्या प्रमाणकात केलेली आहे; तिला मल्टी-बीएसएसआयडी असे नाव आहे. ऐकणाऱ्या संगणकाच्या कर्नलला मग त्या एका दवंडीतून प्रत्येक जाळ्याची स्वतंत्र नोंद मेमरीत नव्याने रचावी लागते. लिनक्समध्ये हे काम करणारा मजकूर, म्हणजे प्रोग्रामचा कोड, मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१ या आवृत्तीपासून आला, आणि घोटाळा तिथेच होता.

पुडीची पूर्ण लांबी काढायची तर आतल्या मालाच्या आकड्यात तोंडाचे दोन बाइट मिळवायचे, इतका हा साधा हिशेब. सूत्र बरोबर लिहिलेले होते. मात्र बेरीज ज्या चलात, म्हणजे आकडा ठेवण्याच्या मेमरीतल्या डब्यात, ठेवायची ते चल स्वतः एका बाइटाचेच होते. माल २५५ बाइट असेल तर बेरीज २५७ यायला हवी. एका बाइटाच्या डब्यात २५५ च्या पुढे जागा नसल्यामुळे आकडा जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरासारखा फिरून शून्यावर येई आणि तिथून पुढे १ होई. त्या एका चुकीच्या आकड्यामुळे किती जागा घेतली आणि किती मजकूर उतरवायचा यांचा मेळ बिघडे, आणि कर्नल घेतलेल्या जागेपेक्षा २५६ बाइट जास्त लिहून मोकळा होई. ते जास्तीचे बाइट मेमरीत शेजारी जे काही असेल त्याच्या उरावर पडत. सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीत हा दोष सीव्हीई-२०२२-४१६७४ या क्रमांकाने नोंदला गेला. त्याची दुरुस्ती म्हणजे त्या चलाचा प्रकार बदलून त्याला मोठा डबा देणे, एवढीच होती. इतकी लहान दुरुस्ती आणि साडेतीन वर्षांचा मुक्काम, हे प्रमाण मला अजूनही अस्वस्थ करते.

त्याच तुकडीतला ४२७१९ क्रमांकाचा दोष वेगळ्या जातीचा आहे. गुंफलेल्या जाळ्याचा तपशील उलगडताना कर्नल मेमरीत तात्पुरती जागा घेत असे, त्या जागेतल्या मजकुराचे पत्ते निकालाच्या नोंदीत लिहून ठेवत असे, आणि काम आटोपून परतताना ती जागा मात्र सोडून देत असे. पुढे ती नोंद वाचणारा भाग त्या पत्त्यावर जाई तेव्हा तिथे दुसराच कोणी राहायला आलेला असण्याची शक्यता असे. भाड्याच्या खोल्या बदलत ज्यांनी शिक्षण पुरे केले, त्यांना जुन्या पत्त्यावर गेलेल्या मनीऑर्डरीची गोष्ट वेगळी सांगायला नको. उरलेल्या तिन्हींपैकी एकात नोंदी किती जण वापरत आहेत याची मोजणी चुके, एकात नोंदींची साखळी स्वतःभोवतीच वळून कर्नल न संपणाऱ्या फेऱ्यात अडके, आणि एकाने यंत्र सरळ कोलमडे.

आता या सगळ्याचा खरेदी समितीशी संबंध कुठे येतो, ते पाहा. लॅपटॉपचे झाकण उघडले, की कोणत्याही जाळ्याला जोडण्याच्या आधीच तो आसपासच्या दवंड्या ऐकून यादी तयार करू लागतो. बर्डीच्या मेट्रो स्थानकावर खिशातल्या फोनचे वायफाय सुरू असेल तर तोही हेच करतो. म्हणजे पासवर्ड कितीही अवघड ठेवला, फायरवॉल कितीही महागडी घेतली, कर्मचाऱ्यांना ‘अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका’ असे कितीही वेळा बजावले, तरी हा प्रकार त्या सर्वांच्या अलीकडे घडतो. ज्याला त्रास द्यायचा आहे त्याला आपल्या जाळ्यात शिरावे लागत नाही. रेडिओच्या पल्ल्यात उभे राहून खोटी दवंडी पिटणे पुरते. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने एकमेकांना इतके खेटून आहेत, की एका इमारतीतल्या संगणकाच्या यादीत शेजारच्या दोन दवाखान्यांची आणि खालच्या औषधाच्या दुकानाची जाळी नेहमीच दिसतात. भिंत आपली असली तरी तिच्यातून येणाऱ्या लहरी आपल्या नसतात.

मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. असा दोष वापरून दूरच्या देशातून कोणी आपला संगणक ताब्यात घेऊ शकत नाही, माणूस किंवा त्याचे यंत्र जवळच असावे लागते; यंत्र कोलमडवणे तुलनेने सोपे असले, तरी मेमरीत जास्तीचे काही लिहून त्यातून कर्नलचा ताबा मिळवणे हे कसलेल्या माणसालाही जड जाणारे काम आहे. तरीही ते अशक्य नाही, हे एका इसमाने सिद्ध करून दाखवलेले आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-दोष शोधणाऱ्या गटातले इयन बीअर यांनी आयफोनच्या कर्नलमधल्या बिनतारी भागातला मेमरी ओसंडण्याचा एक दोष घेऊन, सहा महिने एकट्याने खपून, जवळच्या आयफोनला हात न लावता त्यातली छायाचित्रे बाहेर काढून दाखवली आणि १ डिसेंबर २०२० रोजी ती सारी रीत प्रसिद्ध केली. ॲपलने तो दोष त्याआधीच दुरुस्त केलेला होता.

हा लिनक्सचाच दोष आहे असेही कोणी समजू नये, कारण ‘मग आपण फुकटचे लिनक्स सोडून विकतचे घेऊ’ हा निष्कर्ष बैठकीत फार लवकर निघतो. एप्रिल २०२२ मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीच्या वायफाय भागातली चूक दुरुस्त झाली. तिथेही बीकनमधल्या एका पुडीची लांबी न तपासताच मजकूर उतरवला जात होता, आणि ती चूक तेरा वर्षे कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. ११ जून २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या वायफाय ड्रायव्हरमधला (वायफायचे यंत्र चालवणाऱ्या भागातला) असा दोष दुरुस्त केला, ज्यात जवळच्या माणसाला कोणतीही ओळख न पटवता केवळ एक संदेश पाठवून संगणकावर आपला प्रोग्राम चालवता आला असता. या प्रणालींचे कर्नल मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेले आहेत. घेतलेल्या जागेबाहेर लिहू नये, सोडलेल्या जागेकडे पुन्हा वळू नये, हे सांभाळण्याची जबाबदारी या भाषा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सावधपणावर टाकतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की त्यांच्याकडे दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच गैरहाताळणीचे असतात. रस्ट नावाची भाषा अशा बहुतेक चुका प्रोग्राम चालण्याआधीच अडवते. गूगलने नवा मजकूर अशा भाषांत लिहायला घेतल्यावर अँड्रॉइडमधले या प्रकारच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येही रस्टला दार उघडलेले आहे. परंतु आपण आज जे खोके विकत घेणार आहोत त्यातला वायफायचा मजकूर सीमध्येच असणार, आणि त्यात अजून न सापडलेल्या चुका असणार, हे गृहीत धरूनच खरेदी करावी लागेल.

म्हणून माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा, की चूक सापडल्यावर दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत पोहोचते की नाही. २०२२ च्या प्रकरणात मुळाशी कमालीची तत्परता होती. दोष जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, कर्नलच्या ५.१९.१६ आणि ६.०.२ या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. त्यांनीसुद्धा १७ ऑक्टोबरला दुरुस्त आवृत्ती दिली. आता त्याच पंधरवड्यात आमच्याकडे काय घडले ते सांगतो.

मी तेव्हा ज्या महाविद्यालयाचे काम पाहत होतो, तिथल्या प्रयोगशाळेत साठ संगणक होते. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी प्रत्येक यंत्रावर कर्नलची आवृत्ती विचारणारी आज्ञा देऊन आकडे वहीत उतरवले. बावीस संगणकांवर उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची जुनी आवृत्ती आणि ४.१५ कर्नल होता, तो ५.१ च्या आधीचा असल्यामुळे या विशिष्ट दोषांपासून ते बावीसही सुटलेले होते, आणि वर्षानुवर्षे केलेल्या आळसाने आपल्याला वाचवले हे पाहून विद्यार्थी खूश झाले, त्यांना त्या जुन्या कर्नलमधल्या इतर दोषांची यादी दाखवेपर्यंत. उरलेल्या अडतीस संगणकांसाठी उबुंटूची दुरुस्ती दिवाळीआधीच आली आणि एका दुपारीत बसवून झाली. त्याच वेळी असेही दिसले, की तारेने जोडलेल्या कित्येक संगणकांना वायफायचे छोटे यूएसबी डोंगल विनाकारण लटकत होते आणि ते अखंड दवंड्या ऐकत बसले होते. ते आम्ही काढून कपाटात ठेवले. एवढ्याने काही पैसा खर्च झाला नाही.

अडले ते छतावरच्या तबकड्यांपाशी. त्या चौदा तबकड्या सोळा महिन्यांपूर्वीच घेतलेल्या होत्या. त्यांच्या नियंत्रण-पानावर कंपनीचा स्वतःचा फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणात भरून दिलेल्या प्रणालीचा, क्रमांक तेवढा दिसत होता; आत कोणता कर्नल आहे, त्याचा वायफाय भाग कोणत्या आवृत्तीतून घेतलेला आहे, याचा पत्ता नव्हता. विक्रेत्याला विचारले तेव्हा तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की हे मॉडेल आता बंद झाले असून ग्राहकाने नवीन मॉडेल घ्यावे. मी मूळ निविदेची फाइल मागून घेतली. तीत अँटेनांची संख्या होती, वेग होता, एकाच वेळी किती जण जोडले जातील तो आकडा होता, तीन वर्षांची हार्डवेअर वॉरंटी होती, आणि छताच्या रंगाशी जुळणारा पांढरा रंग असावा अशीसुद्धा अट होती. दुरुस्त्या किती काळ मिळतील यावर एक अक्षर नव्हते. तबकडी जळाली असती तर विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिली असती. ती शाबूत असल्यामुळे त्याच्यावर कोणतेही बंधन उरले नाही. या तबकड्या २०२२ च्या दोषांच्या कक्षेत येत होत्या की नाही, हे मला शेवटपर्यंत कळू शकले नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

आवृत्तीचा क्रमांक कळला तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही, हेही नमूद करतो. कित्येक उत्पादक जुन्या कर्नलवर नव्या आवृत्तीतला वायफाय भाग आणून बसवतात, ओपनडब्ल्यूआरटीतही तसेच होते, त्यामुळे बाहेरून ४.१४ दिसणाऱ्या खोक्यात २०१९ नंतरचा मजकूर असू शकतो. उलट उबुंटूसारखे लिनक्सचे काही वितरक जुन्याच क्रमांकावर दुरुस्ती शिवून देतात. म्हणून क्रमांक विचारावा, आणि त्यासोबत कोणकोणते दोष दुरुस्त झालेले आहेत याची यादीही विक्रेत्याच्या सहीनिशी घ्यावी. ‘हे आमचे व्यावसायिक गुपित आहे’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो, आणि त्या परवान्याप्रमाणे लिनक्स घातलेले उपकरण विकणाऱ्याला त्यातल्या कर्नलचा मूळ मजकूरही उपलब्ध करून द्यावा लागतो. ज्याचा मजकूरच द्यायचा आहे त्याचा क्रमांक गुप्त कसा असेल?

तर माझी विनंती अशी आहे, की यापुढे वायफायची जी कोणती वस्तू आपण घ्याल, मग ती तबकडी असो, राउटर असो, लॅपटॉप असो, हजेरीचे यंत्र असो की कॅमेरा, तिच्या तांत्रिक लिफाफ्यात कर्नलची आवृत्ती, वायफाय चिपचे नाव आणि सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची अखेरची तारीख हे तीन तपशील सक्तीचे करावेत. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ हे उत्तर स्वीकारू नये. दिनांक, महिना, वर्ष असेच लिहून घ्यावे, आणि ती तारीख खरेदीपासून किमान पाच वर्षे पुढची असावी. गंभीर दोषाची दुरुस्ती मुळात प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत विक्रेत्याने ती पुरवावी, आणि न पुरवल्यास सुरक्षा ठेवीतून कपात व्हावी, असे कलम करारात असावे. तीस हा आकडा माझा आहे आणि त्यावर चर्चा होऊ शकते. ज्यांना हे शक्य तितक्या बारकाईने करायचे आहे त्यांनी डेड स्टॉक रजिस्टरमध्येच ‘दुरुस्तीची अखेरची तारीख’ असा एक रकाना वाढवावा, म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव मांडताना ‘यंत्र चालू आहे, मग काढता कशाला’ या प्रश्नाला रजिस्टरच उत्तर देईल.

याला बैठकीत कोणते आक्षेप येतील याची मला कल्पना आहे, कारण ते मी ऐकलेले आहेत. सर्वांत कमी दराच्या निविदेला, म्हणजे एल-वनला, काम द्यावे लागते आणि अशा अटींनी दर वाढतो, हा पहिला. दर वाढेल, हे मी नाकारत नाही. पण सोळा महिन्यांत ‘नवे मॉडेल घ्या’ असे सांगितले जाणारी वस्तू आणि सहा वर्षे दुरुस्त्या मिळणारी वस्तू यांना एकाच रांगेत उभे करून स्वस्त कोणती ते पाहणे, ही तुलनाच चुकीची आहे. दुसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा असतो, की अट घालून विशिष्ट कंपनीला फायदा दिला असे दिसेल. ही अट कोणत्याही कंपनीचे नाव घेत नाही आणि जी कंपनी दुरुस्त्या देण्यास तयार आहे तिला ती पूर्ण करता येते. वस्तूचा रंग पांढरा असावा या अटीवर आजवर कोणी आक्षेप घेतलेला मला आठवत नाही. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. खोकी बाहेरून मागवून जोडून विकणारे आपल्याकडचे छोटे विक्रेते अशी हमी देऊ शकणार नाहीत आणि स्पर्धेतून बाद होतील. त्यांच्यासाठी एक वाट आहे: ज्या उपकरणांवर ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली अधिकृतपणे चालते ती त्यांनी पुरवावीत आणि दुरुस्त्या बसवून देण्याचे काम वार्षिक देखभाल करारात घ्यावे. त्यात त्यांना दरवर्षीचे उत्पन्नही आहे.

देखभालीच्या बाजूने एक गोष्ट आपल्याच हातात आहे आणि तिला पैसेही लागत नाहीत. कर्नलची दुरुस्ती बसवली, तरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती बहुतेक ठिकाणी लागू होत नाही. नवा कर्नल डिस्कवर पडून राहतो आणि जुनाच चालत असतो. शंभर-शंभर दिवस न थांबलेले संगणक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या नोंदवहीत ‘अद्ययावत’ असा शेरा इमानदारीने लिहिलेला असतो. यंत्र दहा मिनिटे थांबवण्याची परवानगी मागितली, की ‘आज नको, साहेबांची बैठक आहे’ असे उत्तर मिळते. महिन्यातला एक ठरावीक दिवस, समजा दुसऱ्या शुक्रवारची संध्याकाळ, यासाठी लेखी राखून ठेवावी, एवढे एक परिपत्रक पुरे होईल. जी दालने आणि कार्यालये वर्षातून काही आठवडेच उघडतात, तिथल्या यंत्रांना तर आधी तारेने जोडून सगळ्या दुरुस्त्या द्याव्यात आणि मगच त्यांचे वायफाय सुरू करावे.

कायद्याचा आधार हवा असेल तर आपल्याकडे तो आज अर्धाच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे, पण दुरुस्ती न मिळालेली तबकडी छतावर शांतपणे चिकटलेली असते तोवर तिला घटना म्हणता येत नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षा-दुरुस्त्या किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करायला लावले आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि त्यात दुरुस्त्यांचा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा धरलेला आहे. म्हणजे तेच उत्पादक तिकडच्या ग्राहकाला ही तारीख सांगणार आहेत. आपण निविदेत विचारली नाही तर आपल्याला ती सांगण्याचे त्यांना काही कारण नाही.

उन्हाळा तोंडावर आला, की नागपुरातल्या प्रत्येक कार्यालयात कूलर उतरवले जातात, त्यांच्या ताट्या बदलल्या जातात, पंपाला तेलपाणी होते, आणि या खर्चाच्या फाइलवर ‘कूलर चालू असताना ताट्या कशाला?’ असा शेरा आजवर कोणी मारलेला नाही. मार्चअखेरच्या खरेदीची मागणीपत्रके त्याच सुमारास आपल्यासमोर येतात. वर लिहिलेल्या कलमांचा मराठी मसुदा मी दीड पानात तयार करून ठेवला आहे. कोणत्याही समितीने मागितल्यास तो विनामूल्य देईन, आणि विक्रेत्यांसमवेतच्या निविदापूर्व बैठकीस बोलावल्यास स्वखर्चाने हजर राहीन. ज्या समित्यांनी या वर्षीच्या निविदा आधीच काढल्या आहेत, त्यांना शुद्धिपत्रक काढून दुरुस्तीच्या तारखेचा एकच रकाना वाढवण्याइतका वेळ अजून आहे.

आपला नम्र,
वायफाय जाळ्यांची देखभाल करणारा एक नागपूरकर